अहमदपूरवालीच्या कण्या

माझी लेक पाच वर्षांची झाली तरी तीनच गोष्टी खायची: कोरा भात, साखर आणि भाजलेला पापड. भातावर वरण घातलं की ताट सरकवून द्यायची. भाजीतली मोहरी तिला दिसायची, कोथिंबिरीचं एवढंसं पान दिसायचं, आणि ते बोटाने वेचून बाजूला काढता काढता जेवण गार होऊन जायचं. बळजबरीने तोंडात घातलेला घास ती गालात धरून बसायची. अर्ध्या तासाने बघावं तर घास तिथंच, गाल फुगलेला आणि डोळे माझ्यावर.

आणि मी अंगणवाडीची सेविका होते. लेकरांना काय खाऊ घालावं, कसं घालावं, हे दुसऱ्यांच्या आयांना सांगायचं हेच माझं काम.

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. माझ्या नवऱ्याला नव्या कचेरीत कारकुनाची जागा मिळाली म्हणून आम्ही नांदेड सोडून तिकडं गेलो. कचेरीतली निम्मी दप्तरं अजून गाठोड्यात बांधलेली होती, असं तो घरी येऊन सांगायचा. शहराच्या कडेला नव्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्या बांधकामावर आजूबाजूच्या तालुक्यांतली माणसं येऊन राहिली होती, कारण पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. शेतात करायला काही उरलं नव्हतं. बांधकामाशेजारी त्यांच्या पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती, आणि त्या ओळीच्या टोकाला, एका भाड्याच्या खोलीत, माझी अंगणवाडी. टँकर चार-चार दिवस येत नसे. आला की हंडे, घागरी, तेलाचे रिकामे डबे घेऊन सगळ्या बाया धावायच्या. त्यांत मीही असायचे.

मी हदगावकडची. आमच्या वडिलांनी तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि लेकीला शिकवायचंच हे तेव्हापासून त्यांच्या मनात पक्कं होतं. पण शाळा होईपर्यंत मी पोटाला किती मारलं ते मलाच ठाऊक. बहात्तरचा जो मोठा दुष्काळ होता, त्यात मी आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायचे. तिथं सुकडी, म्हणजे सरकारी गोडसर पौष्टिक भुकटी, कागदावर मिळायची. ती संपली की मी कागद चाटायची. आई दुसऱ्यांच्या रानात राबायला जायची तेव्हा मालकीण आम्हाला वरून पाणी ओतायची, आम्ही ओंजळ धरायचो. भाकरी द्यायची तीही हातावर टाकून, हाताला हात लागू न देता. हे सगळं मी विसरले आहे असं मला वाटायचं. विसरले नव्हते, हे पुढं कळेल.

अशा बाईच्या पोटी ताट सरकवणारी लेक आली. तिच्या ताटात भात राहिला की माझ्या अंगाची लाही व्हायची. तिला भूक नाही, असं काही असू शकतं, हे मला पटायचंच नाही. मला वाटायचं, ही माजली आहे.

मग मी नाना प्रकार करायला लागले. प्रशिक्षणात आम्हाला पौष्टिक पदार्थ शिकवले होते, वहीत सगळं उतरवून घेतलं होतं. मुगाची डाळ भाजून, दळून पिठात मिसळली आणि धिरडी केली. शेंगदाणे आणि गूळ कुटून लाडू वळले. दुष्काळात पालेभाजी कुठली मिळायला, पण कधी मेथीची एखादी जुडी हाती लागली तर ती इतकी बारीक चिरून धपाट्यात घालायची की माझ्याच डोळ्यांना दिसू नये. भातात डाळीचं पीठ शिजवून वर साखर भुरभुरायची, की रंगावरून कळू नये. चुरमुऱ्यांचा सुशीला केला तर फोडणीतली मोहरी चमच्याने वेचून काढायची. रॉकेलच्या स्टोव्हवर, थोडक्या पाण्यात, कामाला जायच्या आधी हे सगळं. सोपं आणि पौष्टिक, असं वहीत लिहिलेलं होतं. सोपं काही नव्हतं.

लेक पहिला घास घ्यायची, जिभेवर फिरवायची आणि माझ्याकडं बघायची. मग तोंड मिटायची.

एका सकाळी मला उशीर झाला होता. धिरड्याचा तुकडा मी तिच्या ओठाशी धरला, तिने दात घट्ट आवळले. मी डाव्या हाताने तिचं नाक दाबलं. श्वासासाठी तिने तोंड उघडलं तसा मी तुकडा आत कोंबला. ती घुसमटली, खोकली, आणि सगळं माझ्या पदरावर आलं. मी तिला एक धपाटा घातला. पाणी कमी म्हणून पदर ओल्या फडक्याने पुसला आणि तसाच खोचून अंगणवाडीत गेले. तिथं तासाभराने एका आईला समजावत होते, की लेकराला मारून-मुटकून खाऊ घालू नये, त्याच्या कलाने घ्यावं. माझी लेक पुढच्याच रांगेत बसलेली होती. ती ऐकत होती.

दर महिन्याला वजनं व्हायची. आढ्याला काटा टांगायचा, त्याला झोळी, झोळीत लेकरू. मी आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. त्या महिन्यात माझ्या लेकीचा आकडा मागच्यापेक्षा खाली आला. सेविकेचंच पोर उतरलं हे वरच्या बाईंना, म्हणजे आमच्या कामावर देखरेख करायला येणाऱ्या बाईंना, दिसलं तर काय म्हणतील, या विचाराने मी तिच्या नावापुढं अर्धा किलो वाढवून लिहिलं. कुणी विचारलं नाही. मी हे आजवर कुणाला सांगितलंही नाही.

आता अहमदपूरवालीबद्दल. ती अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली, म्हणून सगळ्या तिला अहमदपूरवाली म्हणायच्या. घरची शेती होती, विहीर होती, पण विहीर तळाला गेली आणि नवरा-बायको एका लेकीला घेऊन बांधकामावर आले. ती डोक्यावर घमेली वाहायची. तिच्या बोलण्यावरून, तिच्या उभं राहण्यावरून मला लगेच कळलं, की ही जमीनवाल्या घरातली आहे, दुसऱ्याच्या हाताखाली राबायची हिला सवय नाही. पहिल्याच दिवशी लेकीचं नाव घालायला आली तेव्हा मी तिला पाण्याचा तांब्या पुढं केला. ती म्हणाली, नको ताई, आत्ताच पिऊन आले.

एवढंच. टँकरचे दिवस होते, दुसऱ्याचं पाणी पिऊ नये असं तिला वाटलं असेल. खरंच पिऊन आली असेल. पण मी माझा अर्थ काढला आणि तो मनात धरून ठेवला. बाकीच्या बायांना मी अक्का, मावशी म्हणायची, तिला नुसतं बाई. दुसरीचं काम आधी करायची, हिला थांबवायची. तिची लेक एखाद्या दिवशी उशिरा आली तर चार शब्द जास्त बोलायची. मला त्यात एक प्रकारचं समाधान मिळत होतं. ते समाधान कसलं होतं ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

पुढच्या दोन महिन्यांत माझ्या लेकीचं वजन खरंच वाढलं. आधी वाढवून लिहिलेला अर्धा किलो भरून निघाला आणि वर आणखी थोडं चढलं. गालावर जरा तकाकी आली. घरी अजून नखरे होतेच, पण रात्रीचा लाडू ती निम्मा तरी कुरतडायची. मला वाटलं, लाडू लागू पडला. धिरडी लागू पडली. मी केलेले कष्ट वाया गेले नाहीत.

महिन्याच्या बैठकीत मी हे सहज बोलले, तर वरच्या बाई म्हणाल्या की सगळ्यांना सांगा. मी उठून उभी राहिले आणि न खाणाऱ्या मुलांसाठी सोपे पौष्टिक पदार्थ सांगितले. डाळ कशी भाजायची, मेथी कशी लपवायची, लाडवाचा आकार कसा लहान ठेवायचा. बाया वहीत लिहून घेत होत्या. एकीने हात वर करून लाडवात गूळ किती घालायचा ते विचारलं. इतका मान मला त्याआधी कधी मिळाला नव्हता. घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं, तोही खूश झाला.

त्याच महिन्याच्या वजनाला अहमदपूरवालीची लेक चांगलीच उतरली. झोळीत बसली तर काटा फार खाली गेलाच नाही. दहा-बारा बाया भोवती उभ्या होत्या. बैठकीतल्या कौतुकाचा वारा अजून माझ्या अंगात होता. मी म्हणाले, ‘पोर एवढी उतरली कशी? इथं खाऊ मिळतो, सगळं मिळतं. तुम्ही लोक स्वतः पोटभर खाता आणि पोरींना उपाशी ठेवता.’

तुम्ही लोक. हे दोन शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, विहिरीवर, बांधावर, कामाच्या हजेरीला. त्या दिवशी ते मी दुसऱ्या बाईला ऐकवले, आणि ऐकवताना मला बरं वाटलं.

तिने माझ्याकडं नीट बघितलं. लेकीला झोळीतून उतरवलं, तिचा फ्रॉक खाली ओढून सारखा केला आणि निघून गेली. उभ्या असलेल्यांपैकी दोघी एकमेकींकडं बघून पायाशी बघायला लागल्या. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा धाक बसला.

वजन उतरलेल्या लेकराच्या घरी जाऊन यायचं असतं, तसा नियम होता. अंगणवाडी दुपारी सुटली की मी एरवी दुसऱ्या गल्लीतल्या घरांना जायची. लेक पत्र्याच्या खोल्यांसमोर बाकीच्या मुलांबरोबर खेळायची आणि मी दोनच्या सुमाराला तिला घेऊन घरी परतायची. पत्र्याच्या खोल्यांकडं मी संध्याकाळी जायचे, कारण दिवसा तिथली माणसं कामावर असत. वजनानंतर दोन-तीन दिवसांनी मात्र माझी दुसरीकडची घरं लवकर आटोपली. कामावरच्या बायांना दुपारी भाकरीची सुट्टी असते हे लक्षात आलं, म्हटलं आत्ताच जाऊन यावं.

ऊन मी म्हणत होतं. पत्रे तापून आत वाफ धरलेली. अहमदपूरवालीच्या खोलीचं दार उघडंच होतं. ती दाराकडं पाठ करून चुलीपाशी बसली होती, फाटक्या घोंगडीला टाके घालत. मधे जमिनीवर एक जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं ताट, त्यात ज्वारीच्या पांढऱ्या, पातळसर कण्या. ताटाच्या एका बाजूला तिची लेक आणि दुसऱ्या बाजूला माझी.

माझी लेक स्वतःच्या हाताने जेवत होती. बोटं कण्यांत बुडवून, तोंडाला लावून, चाटूनपुसून. काही वेचत नव्हती. तिचं लक्ष ताटाकडंही नव्हतं, दुसऱ्या पोरीला कसलीतरी गंमत सांगत होती आणि मधेच हसत होती. तिला अशी जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. मग तिची नजर वर गेली. मला बघितलं आणि तिचा हात थांबला. तोंडातला घास तिने गालात सरकवला.

अहमदपूरवाली वळली. ‘या ताई, बसा,’ म्हणाली, आणि माझ्या लेकीला म्हणाली, ‘खा गं, खा. गार होऊन राहिलं.’

मी बसले नाही. विचारलं, ही इथं कधीपासून जेवते.

‘झाले की दोन-अडीच महिने. एक दिवस दारात येऊन हुबी राहिली, पोरीच्या ताटाकडं बघत. म्हटलं, ये. तवापासून रोज येती.’ बोलता बोलता ती थांबली. माझा चेहरा तिला दिसला असावा. ‘तुम्हाला ठाव न्हाई?’

मी नाही म्हणून मान हलवली.

‘मला वाटलं, तुम्हाला ठाव हाय,’ ती म्हणाली. ‘तुमची लेक रोज इथं, आन् तुम्हाला ठाव नसंल कसं?’

तेव्हा मला सगळं उलगडलं. वजनाच्या दिवशी मी तिला बोलत होते तेव्हा तिच्या लेखी मला माहीत होतं. स्वतःची लेक तिच्या ताटात जेवायला सोडून, तिचीच पोर उतरली म्हणून चारजणींत तिला बोलणारी बाई, अशी मी तिच्या समोर उभी होते. आणि ज्या दोघींनी नजर खाली घातली त्यांनाही माहीत होतं.

मी कसंबसं विचारलं, मग त्या दिवशी बोलली का नाहीस.

तिने दोरा दाताने तोडला. ‘माझ्या पोरीचा खाऊ तुमच्याकडं हाय ताई. तुमच्या तोंडाला लागून कसं चालंल?’

रागाने नव्हती बोलली. जसं आहे तसं सांगितलं. मग म्हणाली, की पोरीचं पोटही बिघडलं होतं, आठ दिवस जुलाब झाले, तशानंही उतरली असंल. हे तिने माझ्यासाठी म्हटलं का खरंच तसं होतं, मला सांगता येत नाही. पुढं कित्येक वर्षं मी त्या जुलाबांचा आधार घेत आले. पण ते ताट मी पाहिलं होतं. एका पोरीपुरत्या कण्या होत्या त्यात, आणि चुलीवरचं पातेलं पालथं घातलेलं होतं. ती स्वतः काय जेवली असेल, हे मी विचारलं नाही.

तिनेच विचारलं, ‘भाकर टाकू का ताई एखादी? चार घास खा.’

मी म्हणाले, आत्ताच जेवून आले. मी जेवले नव्हते. तिच्या घरातलं पीठ माझ्यापायी आणखी कमी व्हायला नको, म्हणून खोटं बोलले. आणि बोलल्याबरोबर मला त्या पहिल्या दिवशीचा पाण्याचा तांब्या आठवला.

घरी जाताना लेक माझं बोट धरून गप्प चालत होती. मार खायचा आहे असं तिला वाटत होतं. मी विचारलं, घरी का नाही खात गं असं? ती म्हणाली, ‘तू त्यात काहीतरी लपवतीस. आणि बघत बसतीस.’

रात्री नवऱ्याला सांगितलं. त्याने विचारलं, तू त्या बाईला नेमकं काय बोलली होतीस? मी सांगितलं, पण तुम्ही लोक हे शब्द गाळून. तो म्हणाला, उद्या ज्वारी नेऊन दे आणि चुकलं म्हण.

दुसऱ्या दिवशी मी पायलीभर ज्वारी पिशवीत घालून घेऊन गेले. वाटेत पाठ केलं होतं काय बोलायचं ते. तिने पिशवी बघितली आणि म्हणाली, ‘ठेवा तिथं.’ नको वगैरे काही नाही. तिच्या घरात लेकरू होतं, मानापमानाला तिला सवड नव्हती. त्यामुळं माझी पाठ केलेली वाक्यं तशीच राहिली, आणि मी भलतंच विचारलं. म्हणाले, कण्या कशा करतेस ते सांग.

ती पहिल्यांदाच हसली. ‘कण्याला काय शिकायचं असतंय ताई?’

पण सांगितलं. ज्वारी जरा पाण्याचा हात लावून जात्यावर भरडायची, फार बारीक नाही. पाखडून कोंडा काढायचा, पीठ चाळून भाकरीला ठेवायचं. चाळणीत राहतात त्या कण्या. त्या एक पाणी धुवायच्या, आधणात मीठ घालून शिजवायच्या, हाताला मऊ लागेपर्यंत. ताक असलं तर वर ताक, नसलं तर नुसत्याच. ‘दुसरं काय घालू नका,’ ती म्हणाली. आणि मी उठले तेव्हा म्हणाली, ‘आन् तिच्या तोंडाकडं बघू नका. तुम्ही लई बघता.’

मी ऐकलं का? पहिल्या दिवशी नाही ऐकलं. नुसत्या ज्वारीने काय होणार, म्हणून कण्यांत मूठभर मुगाची डाळ वाटून घातली. लेकीने एक घास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी कोऱ्या केल्या. ताट तिच्यापुढं ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून मी वही लिहायला बसले. मागे भांड्याला बोटं लागल्याचा आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. मी वळून बघितलं नाही. वहीत काय लिहीत होते तेही कळत नव्हतं.

त्यानंतर हळूहळू जमत गेलं. डाळ वेगळ्या वाटीत ठेवायची, शेंगदाणे वेगळे, गुळाचा खडा वेगळा. जे आहे ते तिला दिसेल असं. कशात काही मिसळायचं नाही, काही म्हणायचं नाही. तिला वाटलं तर ती घ्यायची. महिन्याभराने एक दिवस तिने वरणाच्या वाटीत स्वतःहून बोट बुडवलं. धिरडं ती पुढं बऱ्याच वर्षांनी खायला लागली, आणि मेथी तर अजूनही खात नाही. दुपारी ती अहमदपूरवालीकडं जायचीच. मी तिला अडवलं नाही, पण आता डब्यात दोघींचं घालून द्यायचे. कधी कण्या, कधी भाकरीचा काला आणि ताक. ताट तेच, जर्मनचं.

पुढच्या वजनाला तिची लेक थोडी वर आली होती. सगळ्या बाया होत्या. मी ठरवून गेले होते, की जिथं बोलले तिथंच बोलायचं. मी आकडा वाचला आणि म्हणाले, मागच्या महिन्यात मी यांना फार बोलले, माझं चुकलं.

इथपर्यंत धीर पुरला. का चुकलं, ते सांगायचं होतं. माझी लेक यांच्या ताटात जेवून वाढली, बैठकीत मी सांगितलेल्या पदार्थांनी नाही, हे सांगायचं होतं. पण पुढच्याच आठवड्यात वरच्या बाई येणार होत्या, ही गोष्ट त्यांच्या कानावर जाईल, मग लाडू-धिरड्यांचं कौतुक केलेल्या सगळ्याजणी हसतील, असं मनात आलं आणि मी पुढचं नाव पुकारलं. अहमदपूरवालीने माझ्याकडं बघितलं. ती वाट बघत होती असं मला वाटलं. मग ‘व्हय,’ एवढंच म्हणाली आणि लेकीला उचललं.

दोनेक महिन्यांनी त्या इमारतीचं काम उरकलं. ठेकेदाराने माणसं दुसरीकडं नेली. काहीजण आपापल्या गावी गेले. ती कुठं गेली ते मला नीट कळलं नाही. मी त्या दिवशी प्रशिक्षणाला गेले होते. परत आले तर पत्र्याच्या चार खोल्या रिकाम्या होत्या आणि माझी लेक त्यातल्या एकीच्या उंबऱ्यावर बसली होती. पुढं एकदा अहमदपूरला बैठकीसाठी जाणं झालं, तेव्हा स्टँडवर उतरल्यावर मी बायांचे चेहरे बघत राहिले. तिचं गाव मी कधी विचारलंच नव्हतं, म्हणून कुणाला काही पुसताही आलं नाही. वहीत तिच्या लेकीच्या नावापुढं पत्ता म्हणून मीच लिहिलेलं होतं: बांधकाम.

नोकरी संपेपर्यंत मी शेकडो आयांना कण्या सांगितल्या. लेकराकडं बघत बसू नका, काही लपवू नका, हेही सांगितलं. कुणी विचारलं तर म्हणायची, एका बाईकडून शिकले. त्यापुढं काही सांगत नसे.

आता लेक नांदेडला असते. तिची मुलगी बिस्किटं आणि दूध यांपलीकडं काही तोंडात घेत नाही. गेल्या महिन्यात लेकीचा फोन आला. रडकुंडीला आली होती. म्हणाली, आई, काहीतरी सोपं सांग, पोटात जाईल असं. मी तिला कण्या सांगितल्या, आता भरडून तयार मिळतात तेही सांगितलं. आणि मग का कुणास ठाऊक, त्या दिवसांची सगळी हकीकत सांगितली. तिला यातलं काहीच आठवत नव्हतं. पत्र्याची खोली नाही, ताट नाही, तिच्याबरोबर जेवणारी मुलगी नाही. तिने विचारलं, ‘कशी होती गं ती मुलगी दिसायला?’

मी आठवून बघितलं. दर महिन्याला काट्याला टांगून बघितलेलं लेकरू. तिचं वजन मला आठवत होतं, किती होतं, किती उतरलं, परत किती चढलं. चेहरा काही केल्या डोळ्यांपुढं येईना. तसं मी लेकीला सांगितलं. तिने विचारलं, हे इतकी वर्षं का नाही सांगितलंस. मी म्हणाले, लाज वाटत होती. ती म्हणाली, आणि आता? मी म्हणाले, आताही वाटते.